काहिलीतली बैठक

परवा आमच्या बंधाऱ्याच्या फळ्या टाकल्या. सकाळी काठावरून जात होते तेव्हा शेवटच्या गाळ्यात माणसं लोखंडी फळी उतरवत होती. फळी खोबणीत करकरत खाली गेली, धप्प आवाज झाला आणि पावसाळाभर कानात बसलेली पाण्याची गाज विरत विरत बंद झाली. आमच्याकडे हिवाळा पंचांगानं येत नाही, या फळ्यांनी येतो. गोदावरी थांबते. दोन दिवसांत वाळूचे पट्टे बुडतात, बाभळींची मुळं पाण्यात जातात, काठावरचे लोक मोटारींचे पाइप वर ओढायला लागतात. कुजलेल्या गवताचा, ओल्या लोखंडाचा आणि कारखान्याच्या मळीचा असा एक मिसळलेला वास सुटतो. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहायला लागतात. पाणकावळे पंख पसरून वाळत बसतात.

लोकांना हे दिवस आवडतात. पाणी अडलं म्हणजे कांदा निघाला, गहू निघाला. मलाही आवडायचे. आम्ही तर त्या पाण्यासाठी धरणं धरून बसलो होतो. पण गेली सहा वर्षं फळ्या पडल्या की मी नदीच्या बाजूनं जायचं टाळते. यंदा टाळलं नाही, कारण यंदा जालिंदर नाही.

तो भादव्यात गेला. नगर-मनमाड रस्त्यावर, पाळी सुटल्यावर घरी येताना मोटारसायकल घसरून. मला त्याला एक गोष्ट सांगायची होती. सहा वर्षं सांगायची होती. त्या दिवशी पाण्यात मी जो हात वर केला तो चुकीचा होता, एवढीच. दोन वाक्यांचं काम होतं. मी आयुष्यात हजारो वाक्यं लिहिली, ती दोन राहिली.

मी पत्रकांवर वाढले, हे अलंकारानं म्हणत नाही. आप्पा साखर कारखान्यात कामाला होते आणि संध्याकाळी विहारात बसून पत्रकं लिहायचे. गुलाबी, पिवळ्या, हिरव्या पातळ कागदांची बंडलं आमच्या घरात धान्याच्या कणगीशेजारी असायची. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ‘जाहीर सभा’ या शब्दांवर. शाळेच्या वह्यांना पत्रकांची कव्हरं, डब्यात भाकरीखाली पत्रक, चुलीत पत्रक. आप्पांचे नियम दोनच. पत्रकात खोटं लिहायचं नाही. आणि ज्याच्यावर लिहायचं त्याचं नाव घेऊन लिहायचं. नाव न घेता मारलेला शब्द हा शब्द नसतो, तो अंधारात फेकलेला दगड असतो. हे मला पाठ होतं. पाठ असणं आणि कळणं यात किती अंतर असतं ते पुढं कळलं.

आम्ही चौघं होतो. विष्णू खासगी क्लासमध्ये गणित शिकवायचा आणि आमच्या सगळ्या बैठकांचं इतिवृत्त लिहायचा. त्याच्या लेखी न लिहिलेली गोष्ट घडलेलीच नसायची. दिलावर टेम्पो चालवायचा. जालिंदर आयटीआय करून घरी बसलेला फिटर, गावातल्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा आणि पैशांऐवजी लोक भाजी देतात म्हणून हसायचा. आणि मी. आमचा एक रिवाज होता, त्याचा आम्हाला फार अभिमान होता: चौघांपैकी कुणीही एकट्यानं काही ठरवायचं नाही. पुढारी नको, हुकूम नको. प्रत्येक गोष्ट बैठकीत, हात वर करून. अध्यक्ष दर महिन्याला बदलायचा, आणि मतं समसमान पडली की अध्यक्षाला एक जादा मत. चहा कुठं प्यायचा हेसुद्धा आम्ही असंच ठरवायचो. जालिंदर म्हणायचा, “आपल्यातलं कुनी मेलं तर आदी ठराव होईल, मंग तिरडी बांधतील.” तेव्हा आम्ही हसलो होतो.

त्या वर्षी बंधाऱ्याच्या फळ्या टाकायला उशीर होत होता आणि पाणी डोळ्यांदेखत वाहून चाललं होतं. आम्ही पाटबंधारे कार्यालयासमोर बसलो. पत्रक मी लिहिलं: ‘नदी अडवा, गाव जगवा.’ लोक येत गेले, बाया भाकरी घेऊन येत गेल्या, आणि एके दिवशी फळ्यांनी भरलेला ट्रॅक्टर खरोखर बंधाऱ्यावर आला. आमचा पहिला विजय. तो साजरा करायचा कसा, यावर अर्थातच बैठक झाली. दिलावरचं मत हॉटेल. विष्णूचं मत वाचनालयाला पुस्तकं. जालिंदर म्हणाला, “नदीसाठी भांडलो, आन् नदीत एकदा बसलो बी न्हाई. पुनतांब्याच्या घाटावरनं पान्यात बसू, वाहत वाहत गावाच्या बंधाऱ्यापाशी उतरू. सुट्टी. एक दिवस कुनालाच शिव्या द्यायच्या न्हाईत.”

ठराव एकमतानं मंजूर झाला. नाव मात्र कुणाकडं नव्हती. मिळाली ती भिकातात्यांच्या बंद पडलेल्या गुऱ्हाळातली काहील, उसाचा रस आटवायची ती भलीमोठी लोखंडी कढई. पुराच्या दिवसांत आमच्याकडं माणसं काहिलीतून नदी ओलांडतात, त्यामुळं आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. तात्यांनी मात्र काठीनं काहिलीच्या काठावर टकटक केली.

“वल्हं कुठंय?”

“फावडी घेतलीत दोन,” दिलावर म्हणाला.

“पोरांनो, काहील हाय ती. तिला ना तोंड, ना शेपूट. जायचं कुठं, ते तिला कळायचं कसं?”

“आम्ही बहुमतानं सांगू तिला,” विष्णू म्हणाला. तो थट्टा करत नव्हता.

टेम्पोतून काहील घाटावर नेली. कार्तिकातली कोवळी थंडी होती, पाण्यावर धुक्याचा पातळ पदर होता. घाटावर धुणं धुणाऱ्या बाया पिळे थांबवून बघायला लागल्या. त्यांतली एक मला म्हणाली, “काय गं बाई, पान्यातच गूळ पाडायला निघालात व्हय?”

आम्ही बसलो आणि काहील गरगर फिरायला लागली.

तो दिवस आठवला की आधी हे फिरणं आठवतं. दिलावरनं डावीकडं फावडं मारलं की आम्ही उजवीकडं गोल, जालिंदरनं उजवीकडं मारलं की डावीकडं गोल. दोघांनी एकदम मारलं तर जागच्या जागी थरथर. घाट, बाभळी, देवळाचं शिखर, ऊस, परत घाट. विष्णूला मळमळायला लागलं, तरी त्यानं वही सोडली नाही. कोणत्या बाजूनं वल्हवायचं यावर त्यानं रीतसर मत घ्यायला लावलं. त्या महिन्यात अध्यक्ष मी होते. मी “बाजूनं कोण?” म्हणेपर्यंत डावी बाजू उजवी झालेली असायची. एक म्हैस पोहत आमच्या जवळून गेली. तिनं मान वळवून आमच्याकडं असं पाहिलं की जालिंदरनं फावडं टाकून तिला हात जोडले. “बाई, तू अध्यक्ष हो. तुला निदान पल्याड जायाचं ठाऊक हाय.”

सूर्य वर आला. भाकरी, लसणाचा ठेचा, कांदा असं खाऊन झालं. काहिलीच्या लोखंडाला तापल्यावर जुन्या गुळाचा वास यायला लागला. होऊन गेलेल्या कित्येक हंगामांचा गोडवा त्या पत्र्यात मुरलेला होता. कुठं पोचलो म्हणून मी मान वर केली. देवळाचं शिखर जिथं होतं तिथंच होतं. उलट, जरा जवळ आल्यासारखं वाटत होतं.

“पानी वाहीना का रं?” दिलावर म्हणाला.

जालिंदरनं बोट पाण्यात घातलं, काढलं, आमच्याकडं बघितलं. मग त्याचे खांदे हलायला लागले.

“वाहील कसं? आपनच तर अडवलंय!”

खालच्या बंधाऱ्याच्या फळ्या पडून चार दिवस झाले होते. फळ्या पडल्या की नदी मागं घाटापर्यंत तुंबते, हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आम्ही त्यासाठीच घसा फोडला होता, त्यासाठीच मी पत्रक लिहिलं होतं. आणि आम्ही चौघं शहाणे त्याच नदीत वाहत जायला बसलो होतो. शिवाय कार्तिकातला वारा पूर्वेचा. तो आम्हाला गावाकडं नेण्याऐवजी हळूहळू उलटा घाटाकडं ढकलत होता. हे कळल्यावर आम्ही इतके हसलो की काहील कलली, पाणी आत आलं, इतिवृत्ताची वही भिजली, आणि विष्णू, जो कधी हसायचा नाही, तोही पोट धरून म्हणाला, “नदी अडवा, गाव जगवा!”

एवढं निर्भेळ हसू मी नंतर पाहिलेलं नाही. ते ओसरत होतं तेव्हाच जालिंदर बोलला. बहुतेक दिवसभर तो तेवढ्यासाठीच थांबला असावा.

“मला एक सांगायचंय. नागापूरला एमआयडीसीत काम लागतंय. सोमवारी हजर व्हायचंय.”

“कसलं काम?” मी विचारलं.

“फिटर. ठेकेदाराकडनं हाय सध्या. सुनीताच्या घरच्यांनी सांगितलंय, काम असंल तर लगीन, न्हाईतर मार्गशीर्षात ते दुसरीकडं देत्यात. लोनीची ती, तुमाला बोललो हुतो. मला जायचंय. पन आपला रिवाज हाय. म्हनून विचारतोय.”

त्यानं विचारलं. हे मला आजही सोसत नाही. तो न विचारता जाऊ शकला असता. स्वतःच्या लग्नाचा, स्वतःच्या पोटाचा प्रश्न त्यानं आमच्यासमोर, एका कढईत, पाण्याच्या मधोमध ठेवला, कारण रिवाजावर आमच्यापेक्षा त्याचा जास्त विश्वास होता.

मी बोलले. बोलायला मला कधी शब्द शोधावे लागले नाहीत. ठेकेदारी म्हणजे काय, बारा तास उभं राहून कुणाच्या नफ्याचे नट आवळायचे, आत्ता कुठं लोक जमायला लागलेत आणि आपल्यातलाच पहिला माणूस ठेकेदाराच्या दारात उभा राहिला तर गावाला काय तोंड दाखवायचं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी आजही ठेकेदारीच्या विरोधात आहे आणि मरेपर्यंत राहीन. पण त्या काहिलीत ठेकेदारी बसलेली नव्हती, जालिंदर बसला होता. ठेचा लागलेली बोटं पँटला पुसत.

त्यानं स्वतः मत दिलं नाही. स्वतःच्या बाबतीत मत द्यायचं नाही असा आमचा नियम होता. दिलावरचा हात त्याच्या बाजूनं वर गेला. विष्णूचा विरोधात. समसमान.

“अध्यक्ष,” विष्णू म्हणाला.

अध्यक्षाचं एक मत आणि एक जादा मत. एकानंच निकाल लागला असता, तरी दोन्ही मी विरोधात दिली. दोनदा हात वर केला. दुसऱ्यांदा करताना जालिंदर माझ्याकडं बघत होता. रागानं नाही. मोटार उघडल्यावर आतली जळालेली तार बघतो, तसा.

“बरं,” तो म्हणाला.

त्यानंतर कुणी वल्हवलं नाही. वाऱ्यानंच आम्हाला घाटाला लावलं. बाया निघून गेल्या होत्या, दगडांवर साबणाचे डाग वाळत होते. काहील टेम्पोत चढवताना जालिंदरनं सगळ्यात जड बाजू धरली.

सोमवारी तो नागापूरला गेला. रिवाज मोडून गेला, असं तेव्हा मी म्हणाले. लग्नाचं निमंत्रण दिलावरला आलं, आम्हा दोघांना नाही. शिमग्याला मी पत्रक काढलं. विषय दुसरा होता, पण मधे एक वाक्य घातलं: ‘काहींना पगाराचा भोंगा ऐकू आला की नदीची हाक ऐकू येत नाही.’ गावात सगळ्यांना कळलं कुणाबद्दल आहे ते. कुणीतरी त्याच्या आईला वाचून दाखवलं. आप्पांनी पत्रक हातात घेतलं, चष्मा पुसून दोनदा वाचलं आणि एवढंच विचारलं, “खाली तुझं नाव आहे. वर त्याचं का नाही?” माझ्या हातून निघालेला तो दगड नागापूरपर्यंत पोचला असणारच.

पुढं फार काही घडलं नाही, आणि तेच वाईट. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. विष्णू संभाजीनगरला शिकवायला गेला, त्यावर कुणी मत घेतलं नाही. दिलावरनं दुसरा टेम्पो घेतला. मी लिहीत राहिले. दर कार्तिकात वाटायचं, नागापूरची एसटी धरावी, दोन तासांचा रस्ता. मग वाटायचं, आधी त्यानं यावं. तत्त्वाचा माणूस स्वतःच्या हट्टालाही तत्त्वच म्हणतो. ती त्याची सोय असते. मी इतरांच्या ढोंगावर पानंच्या पानं लिहिली आणि माझं ढोंग माझ्याच नावाखाली सुखानं नांदत होतं.

दशक्रियेला मी गेले नाही, धीर झाला नाही. दसऱ्यानंतर गेले. नागापूरला कारखान्यांच्या मागच्या चाळीत, दुसऱ्या मजल्यावर एक खोली. खालून लोखंड घासल्याचा आवाज सतत येत होता. सुनीताला मी पहिल्यांदाच बघत होते. बारीक, सावळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. शेजारच्या दोन बाया बसलेल्या होत्या. मी नाव सांगितलं, तशी ती उठून उभी राहिली.

“शारदाताई?” मग त्या बायांकडं वळून, “ह्याच त्या. काहिलीतल्या. ह्यांच्या जादा मतानं आमचं लगीन झालं.”

मला कळेना. एक बाई म्हणाली, “व्हय का! जालूभाऊ लई सांगायचे. एक हिकडं, एक तिकडं, आन् शारदीनं माझ्या बाजूनं हात वर केला म्हनायचे.”

तो सहा वर्षं हे सांगत आला होता. बायकोला, शेजाऱ्यांना, पाळीवरच्या माणसांना. कढई, फावडी, उलटं ढकलणारा वारा, सगळं खरं. फक्त माझा हात त्यानं फिरवला होता. का, ते मला ठाऊक नाही. बायकोला आपले मित्र वाईट वाटू नयेत म्हणून असेल. की त्यालाच तसं झालेलं हवं होतं, आणि सांगता सांगता ते त्याच्यापुरतं खरं झालं असेल. सुनीता माझ्याकडं बघत होती. डोळे भरलेले. “तुमी हात वर केला नसता तर मला दुसरीकडंच दिलं असतं, ताई.”

मी म्हणाले, “हो.”

आयुष्यात पहिल्यांदा मी समोरासमोर, पूर्ण शुद्धीत खोटं बोलले. तिच्यासाठी बोलले असं वाटून घेत खाली उतरले. स्टँडवर येईपर्यंत तेही पुसलं गेलं. मी माझ्यासाठीच बोलले होते. तिच्या डोळ्यांत मी ज्या जागी उभी होते तिथून मला खाली उतरायचं नव्हतं. जालिंदरनं मला जे दिलं ते मी कमावलेलं नव्हतं, आणि मेलेल्या माणसाकडून उधार घेतलेल्या चांगुलपणावर मी तिचा हात हातात घेऊन बसले होते.

म्हणून हे लिहिलं. इथपर्यंत लिहून होईतो नदी घाटापर्यंत तुंबली होती. छापायला देण्याआधी सुनीतानं ऐकायला हवं, हे ठरवायला बैठक लागली नाही.

रविवारी पुन्हा नागापूरला गेले. ती आता एका वर्कशॉपात पॅकिंगला जाते, तेही ठेकेदाराकडूनच. सुट्टीचं धुणं गॅलरीत वाळत होतं. मी वाचत गेले, ती मेथी निवडत ऐकत गेली. तात्यांच्या वाक्याला ती हसली. म्हशीपाशी तिनं मला थांबवलं. “हात जोडले? म्हशीला?” आणि तोंडावर पदर धरून हसली. “हे त्यांनी कदी सांगितलं न्हाई. परत वाचा बरं.” मी परत वाचलं. ती त्याचं हसणं ऐकत असावी. मी थांबले तरी तिचा कान पुढंच होता.

मग ठरावाची जागा आली. मी आवाज न बदलता वाचलं. माझं भाषण, विष्णूचा हात, माझे दोन हात, त्याचं “बरं”. पत्रकातलं वाक्य. आणि या खोलीतलं माझं “हो”. मेथीच्या काड्या मोडण्याचा आवाज कधी थांबला ते कळलं नाही.

“म्हंजे ते खोटं बोलले माझ्याशी,” ती म्हणाली.

“हो.”

“आन् तुमी बी.”

“हो.”

तिनं निवडलेली पानं एका बाजूला केली, काड्या दुसऱ्या बाजूला. माझ्याकडं न बघता म्हणाली, “ते पत्रक मला लग्नाच्या पैल्याच वर्सी कुनी तरी आनून दावलं हुतं. मी त्यांना इचारलं, कुनाबद्दल हाय हे? तर म्हनले, हाय कुनीतरी पळपुटा, आपल्याला काय.”

मी वही मिटली. मला रडू येत होतं, पण तिच्या घरात आधी माझं रडू नको म्हणून मी ते आवरून धरलं. मला माफी मागायची होती. आता ज्याची मागायची तो नव्हता, आणि समोर जी होती तिच्याकडं मागताना माझा आवाज पुन्हा भाषणासारखा निघाला. तीन-चार वाक्यं बोलले असेन. तिनं हात वर करून मला थांबवलं.

“त्यांनी माफ केलं असंल तुमाला. त्यांचा सभावच तसा हुता. मी करायचं का न्हाई, ते माझं मला ठरवू द्या, ताई.”

मग तिनं मेथीची जुडी माझ्यापुढं सरकवली. आम्ही दोघी निवडत बसलो.